एकच हात होता, तोच बांधला

आज दुपारी कोर्ट नाक्यावर जे पाहिलं ते डोळ्यांसमोरून हलत नाहीये. म्हणून लिहितेय. लांबण लागेल.

पोलिसांची गाडी रस्त्याकडेला उभी. आरोपीला खाली उतरवलेलं, असेल पस्तिशीचा. उजवा हात कोपराच्या वरूनच नाही, शर्टाची बाही दुमडून पिन लावलेली. डाव्या मनगटात बेडी आणि बेडीचं दुसरं टोक हवालदाराच्या मनगटात. हवालदार दुसऱ्या हाताने कटिंग पीत होता. ऊन मी म्हणत होतं. त्या माणसाचा घाम डोळ्यात उतरला, त्याने पुसायला हात उचलला, तर साखळी ताणली आणि हवालदाराचा चहा हिंदकळला. "ए, गप उभा राहा ना." मग त्याने मान वाकडी करून डोळा खांद्याला घासला. दोनदा.

दोन हातांच्या माणसाचा एक बांधला तर एक उरतो. याला काय उरलं? पाणी प्यायला, नाक पुसायला, पँट सावरायला?

तो कोण, त्याने काय केलंय, मला माहीत नाही. मोठा गुन्हाही असेल. असू दे. उद्या कोर्टाने शिक्षा दिली तर भोगेल. पण घाम पुसायचा नाही ही शिक्षा कुठल्या कलमात आहे?

मला हे इतकं का लागलं, ते जवळच्यांना माहीत आहे. माझा दादा. २००९ साली कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये गर्दीने लोकलमधून पडला, डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून कृत्रिम पाय. २०१७ मध्ये सोसायटीत पाण्यावरून भांडण झालं, समोरच्याने मारहाणीची तक्रार केली आणि रात्री अकराला दादाला घेऊन गेले. कुठल्या पोलीस ठाण्यात ते लिहीत नाही. झडती घेताना म्हणाले, पाय काढ. आत काय लपवलंयस बघू. बघितलं. काही नव्हतं. तरी परत दिला नाही.

मी सकाळी डबा घेऊन गेले तेव्हा तो पाय मुद्देमालाच्या कपाटाशेजारी भिंतीला टेकवलेला होता. बूट तसाच, लेसची गाठ वहिनीने बांधलेली. आणि दादा आत बाकावर, हात मांडीखाली दाबून बसलेला. रात्री लघवीला जायचं तर भिंत धरून लंगडी घालत गेला होता. चाळिशी उलटलेला माणूस, बाकीच्या आरोपींसमोर.

कोणी म्हणेल, घरी झोपताना पाय काढतोच की. काढतो. पण घरी आडवा होतो, क्रेपची पट्टी बांधतो, कुबडी हाताशी असते. तिथे रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसला. सकाळी तो भाग इतका सुजला की कृत्रिम पायाचं सॉकेट चढेना. कोर्टात दोन शिपायांच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारत गेला.

वकील मैत्रिणीला आज फोन केला. ती म्हणाली, कायदा अगदी साधा आहे. पळून जाऊ नये एवढ्यापुरतंच बंधन, त्याहून जास्त नाही. जुन्या फौजदारी संहितेत ते कलम ४९ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४६. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बेड्या घालणं हेच सकृतदर्शनी अमानुष ठरवलं होतं, तेही तिहारच्या एका कैद्याने पाठवलेल्या तारेवरून. २०२४च्या १ जुलैपासून गंभीर गुन्ह्यांत बेड्यांना मुभा आली, हे खरं. घालाव्या लागत असतील. पण पाय काढून घेणं ही बेडी नाही का? माझ्या मते बेडीहून वाईट. बेडी घातलेला माणूस निदान उभा राहू शकतो.

आणि हे ऐका. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ९२. दिव्यांग माणसाच्या अवयवाच्या किंवा सहायक साधनाच्या वापरात जाणूनबुजून अडथळा आणला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. दादाचा पाय सहायक साधन नाही तर काय होतं? भिंतीची शोभा?

आपल्या इथेच तळोजा तुरुंगात आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी होते, ८३ वर्षांचे, कंपवाताने हातात पेला धरता येत नव्हता. स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. त्यांची मतं तुम्हाला पटोत न पटोत. सिपर!

हो, हवालदाराची बाजूही आहे. आरोपी निसटला की पहिला सस्पेंड होतो तो हवालदारच, साहेब नाही. आजचा तो पोरगाही पंचविशीचा होता, ओठांवर नुकती मिशी. एका हाताच्या माणसाला कसं न्यायचं हे त्याला बहुधा कोणी सांगितलंच नसेल. सोबत दोन माणसं द्या, दंडाला धरून न्या. एवढंच तर आहे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण दादाच्या त्या रात्रीतलं एक सांगायचं राहिलं. पहाटे ड्युटी बदलली तेव्हा एक वयस्कर हवालदार आले. त्यांनी स्वतःची खुर्ची आत सरकवली, समोर स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "पाय वर घेऊन बस बाळा, सुजला असेल." दादा अजून त्यांचं नाव काढतो. केसचं काय झालं ते विसरलाय, तडजोड झाली, पण ते स्टूल विसरला नाही. मग त्या ठाण्यात स्टूल होतं ना! रात्री अकरालाही होतंच.

आजच्या माणसाला पाणी चहावाल्याने पाजलं. ग्लास तोंडाला लावून, दुसरा हात हनुवटीखाली धरून, लहान मुलाला पाजतात तसं. हवालदार तोवर दुसरीकडे बघत होता.

आता कमेंटमध्ये आरोपींचा पुळका वगैरे लिहू नका, उत्तर देणार नाही. मी सोमवारी आयुक्तालयात अर्ज देणार आहे. कृत्रिम अवयव, कुबडी, व्हीलचेअर काढून घेतली तर कारण स्टेशन डायरीत लिहा, तपासून झाली की लगेच परत द्या, आणि ज्याला एकच हात आहे त्याचा तो हात बांधू नका. एवढ्याच तीन मागण्या. सह्या हव्यात. रविवारी संध्याकाळी सहाला या. माझ्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणून खाली पिंपळाच्या पारावर बसू. दादा पण येतोय.