तुम्ही वर होता की खाली?

शनिवारी दुपारी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत, ब्रेक ड्रम तोलायच्या काट्यावर मला उभं करून माझं वजन घेतलं गेलं आणि ते बिलावर लिहिलं गेलं. मी वजन करायला गेलो नव्हतो. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटणारा दांडा, घ्यायला गेलो होतो.

गाडी म्हणजे माझी जुनी पेट्रोल जीप. तिला लोखंडी टप, रेल्वेच्या रुळासारखे बंपर, आजवर एकदाही न फिरलेली विंच आणि भारदस्त दिसावी म्हणून मोठे टायर, हे सगळं कर्तृत्व माझंच. परवा पेडर रोडच्या चढावर एका टॅक्सीवाल्याने बाजूने जाताना "अंकल, हँडब्रेक निकालो" असं म्हटलं. हँडब्रेक काढलेलाच होता. त्यावर कोणीतरी सांगितलं की कॅम बदला, पिकअप येईल.

सेठ म्हणाला, "रॅली कॅम देतो. 3500 आरपीएमच्या वर गेली ना, की मग बघा," आणि हाताचं विमान करून ते माझ्या नाकासमोरून उडवलं. मी पाकिटाला हात घातला, तोच काउंटरच्या कडेला ऑइलच्या डब्यावर बसलेले एक गृहस्थ चहाचा ग्लास खाली न ठेवता म्हणाले, "वजन किती?"

मी अभिमानाने 1460 किलो सांगितलं. दारूखान्याच्या भंगार बाजारातल्या, गाड्या तोलायच्या काट्याची पावतीच होती खिशात.

"तुम्ही वर होता की खाली?"

"म्हणजे?"

"गाडी काट्यावर होती तेव्हा तुम्ही आत बसला होता का?"

आठवेना. खरंच आठवेना.

"कॅम घ्यायला आलात आणि सत्तर-ऐंशी किलोचा हिशेब नाही?"

सेठने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सत्तर-ऐंशी?" तो म्हणाला.

पुढच्या मिनिटाला मी काट्यावर होतो. पोऱ्याने "सत्त्याण्णव!" असा पुकारा केला की भाजीवाल्याने भाव सांगावा. समोरच्या दुकानातून कोणीतरी विचारलं, "बॅटरी धरून?"

काकांना हसू वगैरे आलं नाही. त्यांनी मिठाईच्या खोक्याची सुतळी मागवली, गल्लीत उभ्या माझ्या जीपच्या टायरभोवती गुंडाळली, फूटपट्टीवर मोजली. 2.4 मीटर. "पूर्वीचे टायर 2.2 चे असणार. क्राऊन-पिनियनचे, चाकं फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचे, दात 8-43 ना? म्हणजे गुणोत्तर 5.38. मोठे टायर लावून तुम्ही ते 4.9 असल्यासारखं केलंत. गाडीचं वजन वाढवलं आणि गिअरिंग लांब केलं. म्हणजे पोरगं आजारी, आणि त्याच्या पाठीवर दप्तर."

मग बिलाच्या मागे गणित सुरू झालं. ताशी 60 म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. चाकाचे 417 फेरे. गुणिले 5.38. टॉप गिअरला इंजिनाचे मिनिटाला 2240 फेरे, म्हणजे 2240 आरपीएम. "या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, कारखान्याने 2000 ला ठेवलाय. 72 घोडे मिळतात 4000 ला, पण तिथे तुम्ही कधी जाता? सेठचा कॅम जागा होतो 3500 ला. किती स्पीड झाला?"

मी तोंडी गणितात चौथीपासून कच्चा. काकांनीच उत्तर दिलं. 94.

"कोस्टल रोडला हद्द 80. अटल सेतूवर 100 चालतात. म्हणजे अडीचशे रुपये टोल भरून तुमचा कॅम 94 ते 100 एवढ्या सहा किलोमीटरच्या पट्ट्यात काम करणार. बाकी वेळ झोपणार."

"पण आवाज..." मी म्हणालो.

"आवाज येईल. डुगडुग. का येतो माहितीय? दादरला फास्ट ट्रेन आली की उतरणारे उतरायच्या आत चढणारे घुसतात ना, तसं. असल्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात. जोरात पळताना बाहेर जाणारा धूरच नवी हवा आत ओढून घेतो, फायदा होतो. स्लोमध्ये धूर उलटा आत शिरतो. तुम्ही दिवसभर स्लोमध्येच. जड गाडीला कॅम मवाळ लागतो, साहेब. लवकर बंद होणारा. खालून ओढणारा."

या इंजिनाची रचना गिरगावातल्या चाळीसारखी आहे, हे इथे सांगायला हवं. हवा आत येते वरच्या मजल्यावरून, धूर बाहेर जातो तळमजल्यावरून; इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. आणि दोघांच्याही वेळा सांभाळणारा कॅम एकच, चाळीच्या भय्यासारखा. त्याला बिघडवला की दोन्ही मजल्यांवर भांडणं. मला हे माहीत होतं. तरी मी गेलो.

सेठ अजून लढत होता. "नवीन नाही, जुन्यालाच ग्राइंड करून देतो. कॅमचं पोट घासलं की व्हॉल्व्ह ढकलणारी चोच उंच होते."

"आणि कॅमवर घासणारे टॅपेट नवे घालणार का तुझा बाप?" काका उठले, रिकामा ग्लास पोऱ्याकडे दिला आणि माझ्याकडे, नेमकं सांगायचं तर माझ्या शर्टाच्या चौथ्या बटणाकडे, बघून म्हणाले, "कॅमचं पोट घासून काय होणार?"

आणि गेले.

"कोण हो हे?" मी विचारलं.

"मला वाटलं तुमच्याबरोबर आलेत," सेठ म्हणाला.

तेव्हापासून माझा राग कोणावर काढायचा हेच कळत नाहीये. माणूस बरोबर होता, हाच त्याचा गुन्हा. पण मला सांगा, जुन्या गाडीचा पर्यावरण कर मी भरतो, फिटनेससाठी आरटीओत दिवस घालवतो, खड्डे चुकवता चुकवता जी काही शिल्लक राहते ती मुंबई पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढतो. या शहरात 3500 आरपीएम ही गोष्ट फक्त पार्किंग शोधताना माझ्या डोक्यात होते. एवढं सगळं सोसून एखाद्याने निदान डुगडुग आवाज विकत घ्यावा, तर तोही हिशेबाने नाकारला जातो. वर सगळ्यांत स्वस्त इलाज म्हणे जुने टायर परत लावा. ते मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर दिले होते. काल जाऊन विचारलं. ज्या भावाला दिले त्याच्या दुप्पट भाव सांगितला, आणि "माल अच्छा है, एक ही मालिक का" हेही ऐकवलं.

दुकानातून रिकाम्या हाताने निघणं बरं दिसेना म्हणून टॅपेट कव्हरचं गॅस्केट घेतलं. घरी बायकोने बिल वाचलं. गॅस्केट एक नग. जीप 1460. मालक 97.

"मालकाचं कशाला लिहिलंय?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुतळीसकट. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पण तू वर होतास की खाली?"

"नाही आठवत."

"मग परत दारूखान्याला जाऊन ये. जेवणाआधी जा."