कॉम्पॅक्ट तव्यावर ठेवू नका: नवरात्रीच्या एका संदेशाला उत्तर

नवरात्र जवळ आली की बडोद्यातल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरायला लागतो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: घरात पडलेल्या कॉम्पॅक्टमधून आयशॅडो, ब्लश काढा आणि एकाच चुंबकी पॅलेटमध्ये बसवा, म्हणजे गरब्याला जाताना एकच डबी न्यावी लागते. काढायला कॉम्पॅक्ट गरम तव्यावर दोन मिनिटं ठेवा, आपोआप सुटेल. कुठल्याही मेकअपला हे चालतं. पावडर फुटली तर सॅनिटायझर किंवा स्पिरिट घालून दाबा, नव्यासारखी होते आणि जंतूही मरतात. पावडर कधी खराब होत नाही, तेव्हा खोकी टाकून द्या. शेवटी एक आरोपही आहे, की आपण पुन्हा पुन्हा विकत घ्यावं म्हणून कंपन्या हे सगळं मुद्दाम चिकटवून ठेवतात.

मी नवरीचा मेकअप करते. माझ्या पेटीतल्या बऱ्याच छटा अशाच मूळ डबीतून काढून पॅलेटमध्ये लावलेल्या आहेत. जागा वाचते, वजन कमी होतं, आणि चणियाचोळीबरोबरच्या बटव्यात पाच कॉम्पॅक्ट मावत नाहीत हे तर उघडच आहे. कल्पना चांगली आहे, म्हणूनच तिच्याबरोबर चुकीची कृती पसरलेली मला बघवत नाही.

पहिला आणि सगळ्यात धोक्याचा मुद्दा तव्याचा. आयशॅडोची पावडर धातूच्या उथळ वाटीत, म्हणजे पॅनमध्ये, दाबलेली असते आणि तो पॅन प्लास्टिकच्या डबीत गोंदाने चिकटवलेला असतो. उष्णतेने गोंद सैल होतो, एवढं त्या संदेशात बरोबर आहे. पण डबीचं प्लास्टिक बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरीनच्या जातीचं असतं आणि ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. भाकरीसाठी तापवलेला तवा २०० अंशांच्या पुढे सहज जातो आणि त्याच्यावर तापमान दाखवणारं काही नसतं. गोंद सुटेपर्यंत प्लास्टिक तव्याला चिकटलेलं असतं. जळत्या प्लास्टिकमधून स्टायरीनसारख्या वाफा निघतात. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि बंद स्वयंपाकघरात त्या लवकर जात नाहीत. झाकणाचा आरसा तडकू शकतो. धातूचा पॅन तर इतका तापतो की उचलताना बोटं भाजतात. आणि त्याच तव्यावर दुसऱ्या दिवशी मुलांसाठी पोळ्या व्हायच्या असतात.

उष्णता पावडरलाही सोसत नाही. दाबलेल्या पावडरीत टाल्क, अभ्रक आणि रंगद्रव्यं असतात, आणि ती धरून ठेवायला थोडं तेल किंवा सिलिकोन घातलेलं असतं. रव्याच्या लाडवात तूप जे काम करतं तेच इथे हे तेल करतं. फार तापवलं की ही बांधणी बिघडते आणि हाताशी येतो तो पॅन रंग नीट सोडत नाही.

मग काढायचं कसं? आधी डबीची खालची बाजू बघा. काही डब्यांना पॅनच्या बरोबर खाली बारीक भोक असतं. त्यातून उघडलेल्या पेपरक्लिपने हळूच ढकललं की पॅन वर येतो. भोक नसेल तर पॅनच्या कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे (हेही एक प्रकारचं स्पिरिटच) थेंब सोडा, गोंद मऊ पडेपर्यंत थांबा, मग पातळ स्पॅच्युला कडेच्या फटीत घालून थोडं थोडं उचला. जोर डबीच्या भिंतीवर द्यायचा, पावडरवर नाही. घाई केली की पॅन वाकतो आणि पॅन वाकला की पावडर तडकते. अगदीच अडलं तर केसांचा स्ट्रेटनर सगळ्यात कमी तापमानावर ठेवून, मध्ये बटर पेपर घालून, डबीच्या तळाला थोडा वेळ लावता येतो. खिडक्या उघड्या हव्यात, आणि ज्या डबीवर अल्कोहोल टाकलंय तिला हा उपाय करायचा नाही.

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा सांगते, कारण संदेशात तवा आणि स्पिरिट एकाच कृतीत पाठोपाठ आले आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या सुमारासच पेट घेऊ शकते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी खोलीत किती उकडतं ते तुम्हाला माहीत आहे. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खालून सरकत जाते. नवरात्रात घटापुढे अखंड दिवा तेवत असतो, शेजारच्यांच्या घरी गरबो, म्हणजे आत दिवा लावलेला भोकांचा मातीचा घडा, असतो. स्पिरिटची बाटली उघडायची ती गॅसपासून आणि दिव्यापासून लांब, गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी. मुलं आसपास नकोत.

कुठल्याही मेकअपला चालतं, हे खोटं आहे. बेक्ड प्रकारातली घुमटासारखी फुगीर ब्लश किंवा हायलायटर बरेचदा मातीच्या चकतीवर भाजलेली असते. तिथे काढायला पॅनच नसतो. क्रीम ब्लश आणि कन्सीलरमध्ये मेण असतं, ते तापवलं की वितळून ओघळतं. चुंबकाचंही तसंच. पत्र्याचे पॅन चुंबकाला चिकटतात, अ‍ॅल्युमिनियमचे चिकटत नाहीत. त्यांच्या पाठीला लोखंडी चकतीचा स्टिकर लावावा लागतो. फ्रिजवरचा चुंबक लावून बघितलं की लगेच कळतं.

आता सॅनिटायझर. बाटलीतल्या जेलमध्ये अल्कोहोलबरोबर पाणी, ग्लिसरीन आणि घट्टपणा आणणारा पदार्थ असतो. अल्कोहोल उडून जातं, बाकीचं पावडरीतच राहतं आणि वर चिवट थर धरतो, ब्रशला रंगच येत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरायला सांगणारेही आहेत. त्यातलं अ‍ॅसिटोन डबीचं प्लास्टिकच विरघळवतं. फुटलेली पावडर सावरायची असेल तर ती बारीक करून, ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने घालून, टिश्यूने दाबून रात्रभर उघडी वाळू द्यायची. तरी कारखान्यातल्या यंत्राचा दाब आपल्या अंगठ्याला येत नाही, आणि चमकीच्या छटा तर पहिल्यासारख्या क्वचितच होतात.

जंतू मरतात हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्याच्या भरवशावर मैत्रिणी एकमेकींची पॅलेट वापरतात. जंतू मारायला साधारण ७० टक्के अल्कोहोल जास्त उपयोगी पडतं, कारण त्यातलं पाणी अल्कोहोलला पेशीत शिरायला मदत करतं आणि ते लगेच उडूनही जात नाही. पावडर दाबायला मात्र लवकर उडणारं, जास्त तीव्र अल्कोहोल लागतं. म्हणजे एकाच थेंबाकडून दोन्ही कामं मागता येत नाहीत. शिवाय काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरतच नाहीत. डोळे आलेले असताना जी आयशॅडो लावली ती टाकून द्या. कितीही महाग असो.

पावडर मस्काऱ्यापेक्षा जास्त टिकते हे खरं, कारण तिच्यात पाणी नसतं. पण रंग उठावा म्हणून आपण ब्रशवर स्प्रे मारतो आणि तो ओला ब्रश पॅनमध्ये फिरवतो, तेव्हा पाणी आपणच घालतो. म्हणून खोकं टाकायच्या आधी त्यावर काय छापलंय ते वाचा. भारतात २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार लेबलवर उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक, घटक आणि वापरण्याची शेवटची तारीख द्यावी लागते. पुष्कळ डब्यांवर उघड्या बरणीचं चिन्ह आणि उघडल्यावर किती महिने वापरायचं याचा १२ किंवा २४ असा आकडाही असतो. एखाद्या नवरीच्या पापण्या सुजल्या आणि त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं की काय लावलं होतं, तर निनावी गुलाबी पॅन दाखवून काय सांगणार? काही लाल आणि गुलाबी छटांच्या लेबलवर डोळ्यांभोवती लावू नका असं लिहिलेलं असतं. ते लेबल गेलं आणि ब्लश आयशॅडोच्या शेजारी बसली की कुणाच्या लक्षात राहणार? काढण्यापूर्वी लेबलचा फोटो काढा. पॅनच्या पाठीला छोट्या स्टिकरवर कंपनी, छटा, बॅच, शेवटची तारीख आणि उघडल्याचा महिना लिहा. डोळ्यांना चालत नसेल तर तेही लिहा.

राहिला कंपन्यांवरचा आरोप. पॅन डबीत हलला तर वाहतुकीच्या धक्क्यांनी पावडर फुटते, म्हणून तो चिकटवतात. शिवाय काही कंपन्या स्वतःच डबीशिवाय सुटे पॅन विकतात; मॅकच्या एकेरी छटा तशा मिळतात, आणि पोलंडच्या इंग्लॉटची फ्रीडम सिस्टम तर रिकामी चुंबकी पॅलेट घेऊन हव्या त्या छटा लावण्यासाठीच बनवलेली आहे. गरब्यासाठी चारच छटांची नवी पॅलेट हवी असेल, तर ती अशी सुटी घेता येते. त्यात काही तापवायचं नाही, काही उचकटायचं नाही.