स्कूटरवर बंदी घालून जिना सुरक्षित होत नाही

आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच भांडण चालू आहे, पार्किंगमध्ये ई-स्कूटर चार्ज करू द्यायची की नाही. आई-बाबा तिथे राहतात म्हणून मी त्या ग्रुपवर, आणि कॅलिफोर्नियात बसून तुम्ही शिकवू नका हे दोन काकांनी ऐकवूनही झालंय. असो. सेक्रेटरींचा ठराव आहे चार्जिंग सरसकट बंद, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते, कारण खाली बंद केलं की लोक बॅटरी काढून वर नेणार आणि हॉलमध्ये रात्रभर लावून झोपणार. वसईत २०२२ मध्ये हेच झालं ना, घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली आणि ७ वर्षांचा मुलगा गेला.

खरा प्रश्न पार्किंगमधली आग जिन्यात आणि घरात शिरू नये हा आहे. इकडे अमेरिकेत गॅरेज घराला चिकटूनच असतं, आणि बिल्डिंग कोड, म्हणजे बांधकामाचे नियम, लिहिणाऱ्यांनी धरूनच चाललंय की ते कधीतरी पेटणार. त्यामुळे सगळा भर भिंतीवर आणि दारावर. गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जिप्सम बोर्ड, वर राहती खोली असेल तर छताला ५/८ इंचाचा टाइप एक्स, म्हणजे आग जास्त वेळ थोपवणारा बोर्ड. घरात उघडणारं दार भरीव, १-३/८ इंच जाड, नाहीतर २० मिनिटं आग थोपवेल असं, आणि कॅलिफोर्नियात ते आपोआप बंद होऊन लॅच पण लागायला हवं. गॅरेजमधून थेट बेडरूममध्ये दार काढता येत नाही. गॅसचा वॉटर हीटर तिथे असेल तर त्याची ज्योत जमिनीपासून १८ इंच वर, का तर पेट्रोलची वाफ जड, ती खाली पसरते.

लोक मात्र इकडचे पण तसलेच हो. गॅरेज खोक्यांनी भरलेलं, गाडी बाहेर. आपली मंडळी तर घरात वास नको म्हणून तिथे शेगडी मांडून बांगडे तळतात, आणि सामान आत नेताना सारखं मिटतं म्हणून त्याच दाराखाली चप्पल अडकवून ठेवतात, मग २० मिनिटांचं दार काय कामाचं! पण चप्पल काढली की दार मिटतं, बोर्ड तर भिंतीत आहेच. आणि नियम बदलायला फार वर्षं लागली नाहीत. २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि काही वयस्कर लोकांना गॅरेजचं शटर उघडून गाडी काढता आली नाही, जीव गेले. १ जुलै २०१९ पासून इथे विकल्या जाणाऱ्या ओपनरला, म्हणजे शटर उघडणाऱ्या मोटरला, बॅटरी बॅकअप सक्तीचा झाला.

आता आपल्याकडे. गोरेगावात ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे जय भवानी इमारतीला आग लागली, सुरुवात पार्किंगमध्ये, तिथे कपड्यांचे गठ्ठे आणि गाड्या होत्या. किमान ७ माणसं गेली. आमच्या बिल्डिंगचा जिना पण थेट स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, उघडतो, मध्ये दार नाही, म्हणजे खाली काहीही पेटलं तरी धूर सरळ वर आणि उतरायचा रस्ता तोच. यावर ग्रुपवर एक मेसेज नाही. पार्किंग कोणाचं यावर मात्र आपण सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलोय, २०१० मध्ये कोर्टाने सांगितलं की स्टिल्ट म्हणजे गॅरेज नव्हे, बिल्डरला ते वेगळं विकता येणार नाही. हक्काचं ठरलं, आगीचं राहिलं. २००६ च्या राज्याच्या कायद्यात जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं बी फॉर्मवर प्रमाणपत्र द्यायचं असतं, पण त्या कागदावरून जिन्याखाली काय भरलंय ते कुठे कळतं?

इकडचं सगळं उचलून तिकडे लावा असं नाही. इथली घरं लाकडाची, आपली आरसीसी, आणि चारी बाजूंनी उघडा स्टिल्ट धूर बाहेर जायला बंद गॅरेजपेक्षा चांगला, फक्त पत्रे आणि जाळ्या ठोकून तो बंद करू नका म्हणजे झालं.

बाबांबरोबर मीटिंगला लिहून पाठवलंय, चार्जिंगचे पॉइंट कंपाउंडच्या भिंतीला, जिन्यापासून लांब, स्वतंत्र मीटर आणि एमसीबीवर (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच). जिन्याला आपोआप मिटणारं फायर डोअर, त्याचं कोटेशन आधी मागवा. आणि जिन्याखालचं भंगार या महिन्यात बाहेर, त्यात सेक्रेटरींचा जुना सोफा पण आला.