रेल्वे बुडवायची आहे? घाई नको

अभिनंदन! एका विकसनशील देशाची रेल्वे तुमच्या ताब्यात आली आहे. सर्वांत आधी डागडुजीची सवय सोडा. खडी भरली, रुळांखालचे स्लीपर बदलले, तर फीत कुठे कापणार? कर्ज काढा, नवा मार्ग बांधा. नायजेरियाची राजधानी अबुजा, तिथली शहरी रेल्वे 2018 मध्ये सुरू झाली, 2020 मध्ये बंद पडली आणि 2024 मध्ये थाटामाटात पुन्हा सुरू झाली. एकाच रुळांवर दोन उद्घाटनं!

स्टेशन मात्र गावात नको. केनियाने 2017 मध्ये मोंबासा-नैरोबी नवा मार्ग सुरू केला, तेव्हा नैरोबीचं भव्य टर्मिनस शहराबाहेर स्योकिमाऊला उभं राहिलं. उतरा आणि शहरात जायला दुसरं वाहन शोधा. 2019 मध्ये हा मार्ग नैवाशाच्या बाजूला पोचला आणि थबकला. जायचं होतं युगांडापर्यंत, तो अजून पुढेच आहे.

इंजिनं मागवताना टेप घरीच ठेवा. दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासी रेल्वेने स्पेनहून आणलेली डिझेल इंजिनं तिथल्या मर्यादेपेक्षा उंच निघाली. 2015 मध्ये बोभाटा झाला, 2017 मध्ये कोर्टाने कंत्राट रद्द केलं. बास, एवढंच.

खरं कसब लागतं ते आडवळणाचा जुना मार्ग बंद करायला. एकदम टाळं ठोकू नका, लोक रुळांवर येऊन बसतात. आधी सकाळची गाडी अकरावर ढकला. कामावर, शाळेत, बाजाराला जाणारे आपसूक गळतात. मग रूळ कमकुवत झाल्याचं सांगून वेगमर्यादा लावा. ती ‘तात्पुरती’च असते, पाटी गंजून पडेपर्यंत. पुढे नेणारी जोडगाडी ही गाडी पोचायच्या पाच मिनिटं आधी सुटेल असं बघा. आणि मग, अगदी निष्पक्षपणे, प्रवासी मोजा.

हिशेबात रुळांचा, फाटकांचा, स्टेशनमास्तरचा सगळा खर्च त्या एकुलत्या गाडीच्या माथी मारा. शेजारच्या हमरस्त्याचा खर्च मात्र बसच्या तिकिटात धरू नका. त्याला विकास म्हणतात. एवढंही जमत नसेल तर अर्जेंटिनाकडे बघा. 1993 मध्ये केंद्राने लांब पल्ल्याच्या बहुतेक प्रवासी गाड्यांचा भार सोडला आणि प्रांतांना सांगितलं, हव्या तर तुम्ही चालवा. प्रांतांच्या तिजोरीत खडखडाट, त्यामुळे बहुतेक गाड्या थांबल्या. बंद कुणी केल्या? कुणीच नाही!

रूळ भंगारात गेले की स्टेशनाभोवतीची जमीन मोकळी होते. तिचं काय करायचं, ते तुम्हाला शिकवायला नको.