‘खाज सुटली की एक गोळी’: थ्रशविषयीच्या संदेशाला काउंटरवरून उत्तर

‘अंगावरून पांढरे जाते आणि खाज सुटते म्हणजे थ्रशच. तपासणीची गरज नाही. औषधाच्या दुकानातून फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी आणा, नवऱ्यालाही एक द्या, आतून दही लावा. एका दिवसात बरे वाटेल. पुन्हा झाले तर पुन्हा तीच गोळी घ्या.’ थ्रश, म्हणजे कॅन्डिडा या बुरशीमुळे योनीत होणारा संसर्ग, याविषयीचा या आशयाचा संदेश बरेच दिवस फिरतो आहे. मी औषधांच्या काउंटरमागे उभी असते, आणि तोंडाने एक शब्दही न बोलता हा संदेश उघडलेला फोन माझ्यापुढे सरकवणाऱ्या स्त्रिया मला नवीन नाहीत. त्यांच्या संकोचाची या संदेशाने सोय केली आहे, हे मला मान्य आहे. त्यातली बुरशीवरची गोळीही खरी आहे. बाकीच्या बहुतेक गोष्टी मात्र तपासून घ्याव्या लागतील.

पहिला मुद्दा निदानाचा, आणि सर्वांत मोठी चूक इथेच आहे. थ्रशमध्ये स्राव बहुधा घट्ट, दूध नासल्यावर होणाऱ्या चोथ्यासारखा असतो, त्याला फारसा वास नसतो आणि खाज मात्र जोराची असते. स्राव पातळ, करडा आणि माशासारख्या वासाचा असेल तर जिवाणूंचा समतोल बिघडल्याचा संशय घ्यावा लागतो. तो फेसाळ, पिवळट-हिरवा असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीचा. या दोन्हींवर बुरशीचे औषध काडीचाही उपयोग करत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दुकानातून स्वतःहून बुरशीचे औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली गेली, तेव्हा निव्वळ थ्रश त्यांच्यापैकी जेमतेम एक तृतीयांश जणींनाच असल्याचे आढळले. म्हणून ‘वास येतो का, पोटात दुखते का, ताप आहे का, पूर्वी कधी डॉक्टरांनी हेच निदान केले होते का’ हे प्रश्न मी हलक्या आवाजात विचारते. ते चौकशीखातर विचारलेले नसतात; कोणते औषध द्यायचे, की काहीच द्यायचे नाही, हे त्यांच्या उत्तरांवरच ठरते.

गोळीबद्दलचा दावा अर्धा खरा आहे. साध्या थ्रशमध्ये फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एकच मात्रा चांगली लागू पडते, आणि क्लोट्रिमॅझोलची ५०० मिलिग्रॅमची, रात्री झोपताना योनीत खोल ठेवायची गोळीही तितकीच. पण गरोदरपणात फ्लुकोनाझोल टाळतात. त्या काळात क्लोट्रिमॅझोलच, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि सहसा एका रात्रीऐवजी आठवडाभर वापरतात. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर फ्लुकोनाझोलमुळे त्याचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. योनीत वापरायच्या क्रीमने आणि गोळीने लेटेक्सचा कंडोम कमकुवत होतो, हेही खोक्यावर बारीक अक्षरात असते आणि सहसा कुणी वाचत नाही.

‘एका दिवसात’ हा शब्दप्रयोग निराशाच पदरी टाकतो. आराम पडायला दोन-तीन दिवस लागतात, पूर्ण बरे व्हायला आठवडाही लागू शकतो. दुसऱ्या दिवशी घाईने दुसरी गोळी घेण्याचे कारण नाही, सात दिवसांत फरक नसेल तर मात्र तपासणी हवी. नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला औषधाची गरज नाही.

दह्याचा तर्क वरवर पटण्यासारखा आहे, कारण निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जिवाणू असतात आणि दह्यातही असतात. पण ते एकाच जातीचे नसतात. प्रतिजैविकांनंतर होणारा थ्रश लॅक्टोबॅसिलस पोटातून किंवा योनीतून देऊन टळतो का, हे ऑस्ट्रेलियात एका चाचणीत तपासले गेले; २००४ मध्ये निष्कर्ष आला, तो नकारार्थी. दही खाण्याला हरकत नाही, आत लावून चिघळलेल्या त्वचेला आणखी त्रास देण्यात अर्थ नाही. सुगंधी साबण आणि आतून धुण्याची द्रव्ये यांनाही हेच लागू.

राहिले ‘पुन्हा झाले तर पुन्हा’. सहा महिन्यांत दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला तर मी गोळी देत नाही, कारण मागे मधुमेह असू शकतो किंवा फ्लुकोनाझोलला दाद न देणारी कॅन्डिडाची वेगळी जात असू शकते. चार महिन्यांत तिसऱ्यांदा आलेल्या एका बाईंना मी चालू औषधे विचारली, तेव्हा पर्समधून मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी निघाली: डापाग्लिफ्लोझिन. हे औषध रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि तीच साखर बुरशीला पोसते. सहा महिन्यांपूर्वी ते सुरू झाले होते आणि दोन्ही तक्रारींचा संबंध कुणी जोडलाच नव्हता. पट्टी मनाने बंद करू नका, पण खाजेचे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, असे मी त्यांना म्हटले. सांगायला लाज वाटेल म्हणून औषधाचे नाव आणि तीनही वेळच्या तारखा एका कागदावर लिहून दिल्या.