थॉम्पसनला पगार होता, सर

आमच्या एम. ए.च्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय. प्राध्यापक व्हायला पीएचडी हवी की नेट-सेट या पात्रता परीक्षा पुरे? यूजीसीने जुलै २०२३ मध्ये सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी ऐच्छिक केली, तरी भांडण काही मिटलेलं नाही. त्यात निवड समित्यांवर बसणाऱ्या एका ज्येष्ठ सरांनी लिहिलं, "ई. पी. थॉम्पसनकडे कुठे होती पीएचडी? रात्रीचे वर्ग घेत घेतच तो एवढा मोठा इतिहासकार झाला. तासिका तत्त्वावरच्यांनी रडगाणं थांबवावं."

डोकंच फिरलं माझं. मी उत्तर इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स या जुन्या गिरणीगावात राहते. थॉम्पसन या इंग्रज इतिहासकारानेही नोकरीची सुरुवातीची वर्षं याच गावात काढली. त्याचं नाव घेऊन माझ्या मैत्रिणीला गप्प बसवलेलं मला चालणार नाही. ती सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं तासावर इतिहास शिकवते आहे आणि तिचं मानधन कधी दिवाळीनंतर, तर कधी थेट पुढच्या वर्षी हातात पडतं.

थॉम्पसनचं अर्धंच सांगितलं सरांनी. तो १९४८ साली लीड्स विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात, म्हणजे गावोगावच्या प्रौढांसाठी वर्ग चालवणाऱ्या विभागात लागला. वय चोवीस, मागे इटलीतलं रणगाड्यांवरचं युद्ध आणि केंब्रिजची पदवी. पीएचडी नव्हती, हे खरं. पण नोकरी पूर्णवेळ होती आणि महिन्याचा पगार चुकत नव्हता. बॅटली, बिंग्ली, पार समुद्रकाठच्या क्लीथॉर्प्सपर्यंत तो संध्याकाळी प्रौढांना साहित्य आणि इतिहास शिकवायला जायचा. हिवाळ्यात इथल्या एम ६२ महामार्गावरून रात्री गाडी हाकणाऱ्या माणसाला विचारा, आजही ते सोपं नाही. तेव्हा तर एम ६२ नव्हताच. १९५५ मध्ये कवी आणि समाजवादी विल्यम मॉरिसवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ आला, १९५६ मध्ये त्याने कम्युनिस्ट पक्ष सोडला आणि १९६३ मध्ये इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीवरचं ते पुस्तक आलं. आठशेहून अधिक पानांचं! मुळात ते १८३२ नंतरच्या कामगार चळवळीवरचं पाठ्यपुस्तक व्हायचं होतं. पहिलंच प्रकरण वाढत वाढत पुस्तक झालं. कोणी त्याच्याकडे वर्षाला किती शोधनिबंध, किती गुण, याचा हिशेब मागत बसलं असतं, तर ते प्रकरण वाढलं असतं का?

आणि ते पुस्तक घडलं त्या संध्याकाळच्या वर्गांमुळे. आपल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून बरंच शिकलो, असं तो प्रस्तावनेत नोंदवतो. इथे राहिलं की ते पटतं. हॅलिफॅक्सच्या पीस हॉलमध्ये उभं राहा. १७७९ साली हातमागवाल्यांनी कापडाचे तागे विकायला आणले ती ही जागा. वरच्या डोंगरातल्या जुन्या घरांना माडीवर खिडक्यांची सलग रांग दिसते, मागावर उजेड पडावा म्हणून. मी संध्याकाळी प्रौढांना गणित शिकवते. माझ्या वर्गात एक आजोबा आहेत, डीन क्लफच्या गालिच्यांच्या गिरणीत काम केलेले. अपूर्णांक चुकला की ते पेन ठेवतात आणि धाग्यांवर समजावून सांगतात: इंचात इतके धागे, मग पाऊण इंचात किती. वर्गातल्या टॅक्सीवाल्यांनाही ते माझ्याआधी कळतं.

आता कोणीतरी म्हणेलच की इंग्लंडातही तासावरचे लेक्चरर आहेत, संप होतात. आहेत. इतकंच कशाला, थॉम्पसनची बायको डोरोथी ही चार्टिस्ट चळवळीची, म्हणजे मताधिकारासाठी लढलेल्या इंग्लिश कामगारांच्या चळवळीची मोठी इतिहासकार. तिला पूर्णवेळ नोकरी मिळाली ती थेट १९६८ साली, बर्मिंगहॅमला. तोवर अर्धवेळ वर्ग, तीन मुलं आणि संशोधन. सरांना उदाहरणच द्यायचं होतं, तर तिचं द्यायचं. पण मग रडगाण्याबद्दल बोलता आलं नसतं.

ग्रुपवर मला उत्तर आलं, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय?" लागलं ते. मी सोलापूर सोडलं ते तासावर शिकवून खोलीचं भाडंही निघत नव्हतं म्हणून. इथे माझ्या वर्गाला हीटिंग आहे, पगार महिन्याच्या महिन्याला होतो, हाफ टर्मला सुट्टी मिळते, आणि याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण १८१२ साली नव्या यंत्रांविरुद्ध इथल्या रॉफोल्ड्सच्या गिरणीवर चालून गेलेल्या लोकर-कारागिरांबद्दल वाचते तेव्हा डोळ्यांसमोर सोलापूरची जुनी मिलच येते. सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ आणि फाशी गेलेले चौघे लहानपणी ऐकलेले. त्यातले कुर्बान हुसेन कामगारांचे पुढारी. माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. भोंगा आजीला गिरणीची पाळी सुरू व्हायच्या आधीच ऐकू यायचा म्हणे. गावी गेले की मी "लंडनवाली", इथे "नाइस इंडियन लेडी". मी कुठली, हे मला फक्त गिरणीवाल्यांमध्ये बसल्यावर कळतं, मग ते हॅलिफॅक्सचे का असेनात.

माझ्या मैत्रिणीने सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगार बायकांकडून वह्याच्या वह्या भरून आठवणी लिहून घेतल्यात, रविवारी, स्वतःच्या एसटी भाड्याने. तेलुगू आणि मराठी दोन्ही येतं तिला, म्हणून त्या बोलतात. तिच्याकडे सेट आहे, पीएचडी नाही. सर, तुमच्या समितीपुढे ती पुन्हा येईल तेव्हा थॉम्पसन काढू नका. त्या वह्या मागवा, आणि १९४८ साली लीड्सने त्याला दिलं होतं ते तिला द्या: पूर्णवेळ पद.