केल्टिक नाण्यांच्या पहिल्या संचाविषयी आपण नोंदवलेल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

संग्रहाची सुरुवात म्हणून आपण आमच्याकडून प्राचीन ब्रिटनमधील दोन केल्टिक नाणी घेतलीत आणि परीक्षणात एक तारा देऊन तीन आक्षेप नोंदवलेत. इंग्लंडमधील केंटच्या, पोटीन या मिश्रधातूच्या नाण्याच्या कडेला ओतकामाच्या खुणा आहेत, म्हणून ते बनावट आहे. कोरिएल्टाव्ही जमातीच्या चांदीच्या नाण्यावरील घोडा तुटक असून त्यावर ना राजाचे नाव आहे ना साल. आणि स्टेटर हे सोन्याचे नाणे मागितले असता, ते इतक्यात घेऊ नका असे सांगून आम्ही आपल्याला कमी लेखले. पहिला आक्षेप आमच्या सचोटीवरच असल्याने त्याचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

कडेला सांधा किंवा उंचवटा दिसल्यास नाणे संशयास्पद मानावे, हा आपण वाचलेला नियम ठशांनी पाडलेल्या नाण्यांच्या बाबतीत योग्यच आहे. केंटची पोटीन नाणी मात्र मुळातच ओतीव आहेत. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या अगदी पहिल्या नाण्यांमध्ये त्यांची गणना होते आणि मॅसालिया, म्हणजे आजच्या मार्सेय, येथील अपोलोचे मस्तक व धडक देणारा बैल असलेल्या ब्राँझ नाण्यांवरून त्यांची चित्रे घेतलेली आहेत. सातवाहनांच्या नाण्यांमुळे पोटीन हे नाव आपल्या परिचयाचे असेल. येथील पोटीन म्हणजे कथिलाचे प्रमाण बरेच जास्त असलेले ब्राँझ. साच्यात नाण्यांचे खळगे ओळीने असत, एका खळग्यातून पुढच्या खळग्यात वितळलेला धातू जाण्यासाठी अरुंद वाट ठेवलेली असे, आणि धातू थंड झाल्यावर ती सलग पट्टी तोडून नाणी सुटी केली जात, त्यामुळे समोरासमोरच्या दोन कडांना तुटलेले खुंट राहून जात. आपण छायाचित्रात वर्तुळ करून दाखवलेले दोन्ही उंचवटे हेच खुंट आहेत. ते कोणी घासून सपाट केलेले असते, तर मीच ते नाणे विकत घेण्यापूर्वी थांबलो असतो.

घोड्याविषयी लिहिताना मला थोडे मागे जावे लागेल. मॅसेडोनियाचा राजा दुसरा फिलिप याच्या सोन्याच्या स्टेटरवर एका बाजूला अपोलो आणि दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा रथ होता. केल्टिक कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या त्याची रूपे घडवली, आणि ब्रिटनपर्यंत येताना रथ जवळजवळ नाहीसा होऊन एकच घोडा उरला, तोही कमानदार रेषा, ठिपके आणि वर्तुळे यांतून उभा केलेला. यात मला कौशल्याचा अभाव दिसत नाही. ही त्यांची स्वतंत्र कला आहे आणि तिच्यासाठीच मी या व्यवसायात आलो. लेस्टरशायरमधील हॅलटन येथे २००० साली सापडलेल्या ५,००० हून अधिक नाण्यांमध्ये कोरिएल्टाव्हींचीच नाणी सर्वाधिक आहेत आणि त्यांवरही असे घोडे आहेत. साल या काळातील कोणत्याच ब्रिटिश नाण्यावर मिळणार नाही. नाव हवे असेल, तर पुढचे नाणे कुनोबेलिन राजाचे घ्यावे. त्याच्या कॅम्युलोडुनम, म्हणजे आजच्या कोल्चेस्टर, येथील नाण्यांवर लॅटिन अक्षरे आहेत.

स्टेटरविषयी दिलेला सल्ला मी आजही बदलणार नाही. त्या काळातही तांब्याच्या गाभ्यावर सोन्याचा पातळ मुलामा दिलेली खोटी नाणी चलनात होती, शिवाय आधुनिक नकलाही बाजारात येतात. अस्सल चांदीची आणि पोटीनची काही नाणी हाताळून, त्यांचे वजन करून, भिंगाखाली कडा पाहून नजर तयार झाल्याशिवाय सोन्यात मोठी रक्कम गुंतवू नये, असे मी प्रत्येक नव्या संग्राहकाला सांगतो. विक्री नाकारून त्यात आमचा काही फायदा झालेला नाही.

आपल्या दोन्ही नाण्यांसोबत दिलेल्या कार्डावर ती कोठे सापडली याची नोंद आहे. ते कार्ड कृपया जपून ठेवावे, कारण सापडल्याचे ठिकाण हरवले की नाण्याचा निम्मा इतिहास हरवतो. ऑक्सफर्डच्या केल्टिक कॉइन इंडेक्स या केल्टिक नाण्यांच्या सूचीतील पोटीन नाण्यांची छायाचित्रे आपल्या नाण्याशेजारी ठेवून कडा स्वतः ताडून पाहाव्यात, ही विनंती. त्यानंतरही समाधान न झाल्यास दोन्ही नाणी कार्डांसह परत पाठवावीत. पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत केली जाईल.